आमच्या घरचे धातू

सोनं उगाळून प्यायलेली आम्ही सगळी भावंडं एका फाल्गुनात गोवराने आडवी झालो. आधी धाकट्याला ताप आला, आणि तो उठून अंगणात पळायला लागतो न लागतो तोच बाकीच्यांना एकदम. माजघरात नुसत्या गाद्याच गाद्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा, आणि आजी उंबऱ्यावर बसून कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणायची, "एवढं सोनं उगाळलं, ते कुठं गेलं म्हणते मी?"

सोनं म्हणजे मोठ्या आईच्या बोटातलं वळं. बाळघुटीच्या वेळी ते बोटातून निघायचं, सहाणेवर मधाच्या थेंबात दोन वेढे घ्यायचं आणि पुन्हा बोटात जायचं. वेखंड, मायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांचे वेढे मोजून. सोन्याचे मात्र अंदाजाने, आणि अंदाजही कंजूष. आम्हा सगळ्यांना पुरून ते वळं तसंच राहिलं, यावरून पोटात किती सोनं गेलं असेल ते समजावं.

घर अमरावतीचं, परकोटाच्या आतलं, अंबागेटपासून हाकेच्या अंतरावर. तीन भावांचे संसार, एक चूल, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जन्मलेली आम्ही चुलत-आत्ये भावंडं. त्या घरात प्रत्येक धातूचं काम ठरलेलं होतं आणि ते कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पिण्याचं पाणी तांब्याच्या गुंडात आणि हंड्यात. न्हाणीत तांब्याचाच बंब, शेजारी घंगाळ. स्वयंपाक पितळेच्या पातेल्यांत, पण आतून कल्हई केलेल्या. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. तळपायाला तूप लावून घासायला काशाची वाटी. पळी-पंचपात्र तांब्याचं. बारशाला आलेल्या चांदीच्या वाट्या, चमचे आणि एक बोंडलं फडताळात, फडक्यात गुंडाळून. उन्हाळ्यात हा सगळा कारभार कोलमडायचा, कारण पंचेचाळीस अंशाच्या उन्हात तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिण्यापेक्षा तहानलेलं राहिलेलं बरं. मग चार महिने माठाचं राज्य. तांब्याच्या गुणांवर आज जे व्याख्यान देतात त्यांनी विदर्भात एक मे महिना काढावा.

बोळाच्या तोंडाशी कल्हईवाला बसला की आमची शाळा सुटलीच म्हणून समजा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता, आणि तो भाता ओढायला मिळावा म्हणून आमच्यात मारामाऱ्या. पातेलं विस्तवावर लाल व्हायच्या आत सांडशीने फिरवायचं, आत नवसागराची चिमूट टाकली की पांढरा, डोळ्यांत जाणारा धूर उठायचा. मग कथलाची कांडी तापल्या पितळेवर नुसती टेकवायची. टेकवल्या जागी ती पाझरायची, आणि कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने ती चमक एका फेरीत तळापासून काठापर्यंत नेऊन सोडायचा. लगेच पाण्यात बुडवणं, चर्रर्र आवाज, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीचं होऊन बाहेर. मोठी आई ते उन्हात धरून आत कुठं डाग सुटलाय का पाहायची. डाग सुटला तर पैसे कापायचे, असा करार.

त्या डागाला कारण होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेच्या, आमसुलाच्या, ताकाच्या आंबटाने तांबं सुटतं, कढी कळकते, जिभेला तुरट धरते आणि रात्री सगळं घर ओकाऱ्या काढतं. कथलाचा थर ते सुटणं अडवतो. पाण्याच्या हंड्याला मात्र आतून कधी कल्हई नव्हती. म्हणजे तांबं सुटू नये म्हणून चुलीजवळच्या भांड्यांवर पैसे खर्चायचे, आणि दोन पावलांवर हंडा चिंच आणि राखेने असा घासायचा की उघडं तांबं रात्रभर पाण्याला लागावं. आजीच्या मनात हे सुटणं-बिटणं काही नव्हतं. तिला हंड्यात तोंड दिसायला हवं होतं.

सुटलेलं तांबं किती थोडं असलं तरी पुरतं, हे आमच्या आजीच्या आजीच्या काळातच एका स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं होतं. कार्ल नेगेली त्यांचं नाव. पाण्यातलं स्पायरोगायरा हे हिरवं शेवाळ तांब्याचं किंवा चांदीचं नाणं ठेवलेल्या पाण्यात मरतं, आणि कोट्यवधी भाग पाण्यात धातूचा जेमतेम एक भाग असला तरी मरतं, हे त्यांनी नोंदवलं. निबंध छापला गेला १८९३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडच्या हंड्याची रीतसर परीक्षा व्हायला बराच वेळ लागला. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली छापलेल्या प्रयोगात कॉलऱ्याचे, आवेचे, जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. सोळा तासांनी त्यातले जंतू वाढवूनही वाढेनात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आतच होतं. संध्याकाळी भरलेला हंडा सकाळी उपसायचा ही आमची रीत सोळा तासांना थोडी कमी पडते, पण फार नाही.

ही बातमी आमच्या भावंडांत आली तेव्हा दादाने लगेच जाहीर केलं की पूर्वजांना विषाणूंचं सगळं ठाऊक होतं. कॉलऱ्याचा जंतू विषाणू नव्हे, जिवाणू. तो पाण्यात जगतो, खातो, दुप्पट होतो. विषाणू यातलं काहीच करत नाही. प्रथिनाचं कवच, आत आनुवंशिक मजकुराची एक गुंडाळी, आणि काहींना वरून चरबीचं पातळ पांघरूण. आपल्या पेशीला चिकटून आत शिरेपर्यंत तो नुसता पडून असतो. त्याला मारायचं असं काही नसतंच, मोडायचं असतं. धातू काही करू शकत असेल तर ते मोडण्याचं काम, आणि ते कसं चालतं हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते एका उकडलेल्या अंड्यामुळे, अर्थात तेव्हा न कळता.

गोवरातून उठलेल्या पोरांना डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितलं. आजीच्या स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नव्हतं. धाकट्या काकांनी मागच्या परसात विटा मांडून एका डब्यात अंडी उकडायला सुरुवात केली, आणि आमच्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, तो आता आजोबा आहे) फडताळातला बारशाचा चांदीचा चमचा पळवून त्याने ते पिवळं बलक चाटूनपुसून खाल्लं. चमचा विसळून फडक्यात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी आजीने फडकं उलगडलं तर चमच्याचं टोक काळंभोर. राखेने घासलं, रांगोळीने घासलं, जाईना. "याला काय खाऊ घातलंस रे?" एवढंच ती म्हणाली, आणि ज्याने खाल्लं होतं तोच रडायला लागला. चमचा पुढे सोनाराने उजळून दिला. अंडी परसात चालूच राहिली, पितळी चमच्याने.

अंड्याच्या प्रथिनांत गंधक असतं आणि चांदीला गंधकाचं अनावर वेड. पायातलं पैंजण, समईशेजारची चांदीची निरांजनं वर्षभरात काळी होतात तीही हवेतल्या गंधकाच्या अंशाने. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांतही हेच गंधक ठिकठिकाणी असतं. गंधकाच्या दोन अणूंच्या गाठींनी ते प्रथिन आपला आकार धरून असतं. चांदीचा विद्युतभारित अणू, ज्याला आयन म्हणतात, तिथे जाऊन चिकटतो. गाठ बिघडली की आकार बिघडतो, आणि आकार बिघडलेल्या प्रथिनाला आपल्या पेशीवरची खूण पकडता येत नाही. विषाणू तिथेच असतो, पण बिनकामाचा. तांबं याहून धसमुसळं. त्याचे आयन प्रथिनांना धरतात ते धरतातच, शिवाय ऑक्सिजनचे अतितीव्र रेणू तयार करून चरबीचं पांघरूण फाडतात आणि आतल्या मजकुराचेच तुकडे करतात. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात सारा वॉर्न्स आणि बिल कीव्हिल यांनी २०१५ साली साध्या सर्दीच्या २२९-ई नावाच्या कोरोना विषाणूवर हे करून पाहिलं. काच, प्लास्टिक, फरशी, स्टेनलेस स्टील यांवर तो पाच दिवस टिकला. तांब्याच्या मिश्रधातूंवर काही मिनिटांत संपला. वाड्याच्या दिंडीची पितळी कडी, जिला आम्ही सगळे शेंबडे हात लावून आत-बाहेर करायचो, तीही याच जातीची.

मग चांदीच्या वाटीतून दूध प्यायलेल्यांना गोवर कसा झाला? एक तर गोवर वाटीतून येत नाही, श्वासातून येतो. एका खोलीत दहा गाद्या घातल्यावर सगळी चांदी-सोनं त्यापुढे हात टेकतं. दुसरं असं की वाटीच्या चांदीतली काम करणारी चांदी फक्त वरच्या पृष्ठभागाची. आतली सगळी नुसती वजनाला. इथे नॅनोची गोष्ट सुरू होते, आणि ती हिशेबाची गोष्ट आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या, तोळ्याला थोडा कमी भरेल. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा दहा नॅनोमीटर बाजूच्या कणांत फोडला तर एकूण पृष्ठभाग होतो सहाशे चौरस मीटर. आमचा आख्खा वाडा, ओटी-माजघर-परस धरून, आणि वर शेजाऱ्यांचा, त्यात बसेल. चांदी तेवढीच, उघडी मात्र दहा लाख पट.

आणि आकाराला आणखी एक अर्थ आहे. एचआयव्ही हा विषाणू शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा. २००५ साली टेक्सासच्या आणि मेक्सिकोच्या नुएवो लिऑनच्या संशोधकांनी, मिगेल होसे याकामान हे त्यातले एक, या विषाणूंत चांदीचे निरनिराळ्या मापाचे कण सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. विषाणूला चिकटलेले दिसले ते फक्त एक ते दहा नॅनोमीटरचे. त्याहून मोठे नुसते आजूबाजूला. चिकटलेल्यांची जागाही वाटेल तशी नव्हती, ठरावीक अंतराने होती. विषाणू ज्या प्रथिनाच्या गाठींनी आपल्या पेशीला धरतो त्या गाठींवरच ते बसले असावेत, असं त्यांनी म्हटलं. पेशीला धरायचा हातच अडकला, म्हणून संसर्ग होईना. मला स्वतःला या सगळ्या विषयातलं हे चित्र फार आवडतं. मारामारी नाही, विष नाही, नुसती जागा अडवणं.

सत्तरीच्या दशकात आमच्या घरात स्टील आलं. आधी डबे, मग ताटं, मग एका दिवाळीला मोठ्या आईने माळ्यावरून हंडे, गुंड, सतेली, परात खाली काढली आणि भांड्यांच्या दुकानात मोडीत दिली. आम्ही बघत होतो. दुकानदाराने एक एक भांडं तराजूत टाकलं आणि त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं तराजूत गेली: कुणाच्या मुंजीतलं, कुणाच्या रुखवतातलं, एकावर तर नुसतंच "सप्रेम भेट" आणि देणाऱ्याचं नाव घासून गेलेलं. कुणी रडलं वगैरे नाही. उलट घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ती खरी होती. चिंच-राखेने हात फाटायचे ते त्यांचे. तोंड पाहायला आम्ही. कल्हईवाल्याचा खर्च वाचला, आमटी कळकायची भीती गेली. स्टील कळकत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचा एक अदृश्य थर वर बसतो आणि आतून काही सुटू देत नाही. काहीच सुटत नाही म्हणूनच त्याच्यावर विषाणूही निवांत पडून राहतो. हे दोन्ही एकाच गुणाचे परिणाम आहेत, आणि त्या दिवाळीला आम्हाला त्यातला एकच ठाऊक होता. दुसरा ठाऊक असता तरी हंडे मोडीत गेलेच असते.

एक हंडा दादाने मागून घेतला. बंब विकला गेला.

या शतकाच्या सुरुवातीला चांदी मागच्या दाराने घरात आली. पाण्याच्या गाळणीत चांदी, धुलाई यंत्रात चांदी, मोज्यांत चांदी. २००९ च्या डिसेंबरात टाटांचं ‘स्वच्छ’ हे पाणी गाळायचं यंत्र आलं. भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण, वीज नको, नळ नको. आत्याकडे ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला राखेचं कौतुक जास्त होतं. "राखच ना शेवटी," म्हणाली. मद्रासच्या आयआयटीत टी. प्रदीप आणि त्यांचे सहकारी याच काळात यावर काम करत होते. चांदीचे कण पाण्यात नुसते सोडले तर पाण्यातल्या क्षारांचा थर त्यांच्यावर बसतो आणि ते थंड पडतात. आमच्या विहिरीच्या पाण्याने तर बंबात दगड व्हायचे. प्रदीप यांच्या गटाने ते कण अॅल्युमिनियमच्या एका संयुगाच्या आणि कायटोसानच्या, म्हणजे कोळंबीच्या टरफलातून निघणाऱ्या पदार्थाच्या, जाळीत अडकवून ठेवले. कण बाहेर जात नाहीत, आयन मात्र मोजून-मापून सुटत राहतात: अब्ज भाग पाण्यात चाळीसेक भाग. २०१३ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात जिवाणूंबरोबर विषाणूंवरचाही प्रयोग होता आणि एका कुटुंबाला वर्षाचा खर्च अडीच डॉलर पडेल असा हिशेब होता. मला या कामात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते सोडण्यावरचं नियंत्रण. कल्हईवाला सुटणं बंद करायचा, हंडा मनाला येईल तसं सोडायचा. इथे पहिल्यांदा कुणीतरी किती सोडायचं ते ठरवत होतं.

आपल्याच गावाचं नाव या विषयात आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं, तेही धाकट्या काकांच्या नातीकडून. ती अमरावती विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकली. तिथले महेंद्र राय आणि त्यांचे विद्यार्थी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करून घेत. तिने एका लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या आम्हाला ते सांगितलं. बुरशी रश्श्यात वाढवायची, गाळून टाकायची, आणि उरलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून ठेवून द्यायचं. फिकट पाणी काही तासांत कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं, झाले कण. बुरशीने पाण्यात सोडलेली प्रथिनं चांदीच्या आयनांचे कण घडवतात आणि मग त्यांच्यावरच बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यात वापरलेली एक बुरशी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. तिचाच एक प्रकार हरभऱ्यावर मर आणतो. हे ऐकून शेती करणारा चुलतभाऊ जिलबी खाली ठेवून म्हणाला, "मग माझ्या वावरातून घेऊन जा म्हणावं, फुकट."

बुरशीने केलेले हे कण अमरावतीहून इटलीत नेपल्सला गेले, गाल्दिएरो यांच्या गटाकडे, आणि तिथे नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूवर आणि श्वसनमार्गाच्या पॅराइन्फ्लुएन्झावर तपासले गेले. संसर्ग उतरला, लहान कणांनी जास्त उतरला, आणि तो उतरण्याचं कारण पुन्हा तेच दिसलं, विषाणूला पेशीशी गाठ घालू न देणं. हा निबंध २०१३ चा. धातूंचे नॅनोकण आणि विषाणू या विषयाचा मोठा आढावा याच मंडळींनी २०१६ साली घेतला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच, २००४ मध्ये, कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे कण करून दाखवले होते. गोवराच्या दारावरचा डहाळा आणि फडताळातली चांदी एका चंचुपात्रात! आजी हयात असती तर तिने याचं श्रेय घेतलं असतं, आणि आम्ही देऊनही टाकलं असतं. मात्र नातीने लगेच पाणी ओतलं: हे सगळं काचेच्या बशीत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर झालंय, माणसावर नाही. विषाणू थांबवणारी मात्रा आणि पेशीला इजा करणारी मात्रा यांत अंतर किती, हाच पुढचा सगळा प्रश्न. चांदीला विषाणूचं गंधक आणि आपलं गंधक यांत फरक कळत नाही.

मग २०२० आलं. आम्ही भावंडं तोवर पुणे, नागपूर, न्यू जर्सी अशी पांगलेली, आणि दर रविवारी पडद्यावर छोट्या चौकोनांत बसून एकमेकांना विचारत होतो की दुधाची पिशवी धुतली का. मार्चमध्ये अमेरिकेतून मोजमाप प्रसिद्ध झालं: नवा विषाणू तांब्यावर चार तासांनी जिवंत सापडेना, पुठ्ठ्यावर चोवीस तासांनी, स्टील आणि प्लास्टिकवर मात्र दोन-तीन दिवसांपर्यंत सापडत होता. दादाने हंडा खाली उतरवला. न्यू जर्सीच्या वहिनींनी दाराच्या मुठीला तांब्याची पट्टी चिकटवली. कपूरथळ्याच्या रेल्वे कारखान्याने तर आख्खा डबाच तयार केला, कठड्यांना आणि कड्यांना तांब्याचा लेप दिलेला. सगळं खरं होतं आणि सगळं थोडं बाजूचं होतं, कारण तो विषाणू मुख्यतः हवेतून येत होता, मुठीवरून कमी. गोवराने आम्हाला हे शिकवायला हवं होतं. कुणीतरी चांदीचं पाणी प्यायचा सल्ला पुढे ढकलला, तेव्हा मात्र नातीचा आवाज चढला. कोलॉइडल सिल्व्हर म्हणून बाटलीत मिळणारं ते पाणी कोविडवर विकणाऱ्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच मार्चमध्ये ताकीद दिली होती. रोज पिणाऱ्याच्या कातडीत चांदी साठते आणि माणूस कायमचा निळा-राखाडी पडतो. त्याला सोनाराकडे उजळायला नेता येत नाही.

सोन्याचं काय झालं, या आजीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. सुवर्णभस्म तपासलेल्यांना त्यात पन्नास-साठ नॅनोमीटरचे सोन्याचे कण दिसलेत, म्हणजे वैद्यबुवांच्या खलात नॅनो होतं. सहाणेवरच्या वळ्यात नव्हतं. पण विषाणूपुढे सोनं स्वतः फारसं काही करत नाही. ते निर्विकार आहे, म्हणून तर ते सोनं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला फ्रान्चेस्को स्तेलाची यांच्या गटाने २०१८ मध्ये त्याला कामाला लावलं ते वेगळ्याच तऱ्हेने. सोन्याच्या इवल्या गोळ्यावर लांब लांब साखळ्या लावल्या, ज्यांची टोकं आपल्या पेशीवरच्या हेपॅरन सल्फेटसारखी दिसतात. अनेक विषाणू पेशीवर उतरताना याच खुणेला हात घालतात. इथे त्यांनी हात घातला की साखळ्या अनेक बाजूंनी इतक्या घट्ट धरतात की त्या ताणाने विषाणूचं कवचच मोडतं, आणि कण धुऊन काढले तरी तो पुन्हा सावरत नाही. हर्पिस, डेंगी, श्वसनमार्गाचा आरएसव्ही, सगळ्यांवर चाललं. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांतच त्याच वाटेने जाणाऱ्यांनी मधलं सोनं काढून टाकलं आणि सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्याला त्याच साखळ्या लावल्या. साखर शरीरात विरघळून जाते, सोनं जात नाही. आजीचं सोनं शेवटी असं वगळलं गेलं, मध तेवढा राहिला म्हणायचा.

आता तांब्याच्या बाटल्यांचा जमाना आहे. आमच्या सगळ्या सुना-मुलींच्या हातात त्या असतात, वरून मीनाकारी, आत कधी लिंबू-पुदिना. लिंबू घालू नका, एवढं आम्ही जुनी माणसं न चुकता सांगतो. कल्हईवाल्याच्या विद्यापीठातून तेवढीच एक पदवी आम्हाला मिळालीय. आणि दादाचा तो हंडा पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आहे, त्यात वाळलेल्या गवताचे तुरे, काठावर आजीचं नाव. काळा पडू नये म्हणून त्याला आतून-बाहेरून लॅकर मारून घेतलंय. गेल्या दिवाळीला नात आली, तिने बोटाने हंडा वाजवला, नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, याच्यातून आता काही सुटत नाही. हा स्टीलचाच झाला." दादाला ते लागलं. लॅकर काढता येईल का, म्हणाला. अॅसिटोनने निघेल, पण मग दर आठवड्याला चिंचेने घासावा लागेल, ती म्हणाली. दादा उत्साहाने उठून हंड्यातले तुरे काढायला लागला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "घासणार कोण, ते आधी ठरवा."

तुरे परत हंड्यात गेले.